मथळे नसलेली माहिती ही माहिती नव्हे



माहिती अधिकारात अर्ज टाकला, आकडे मिळाले की आपण जिंकल्यासारखे खूश होतो. माझं म्हणणं आहे की आकड्यांवर जे रकान्यांचे मथळे असतात, तेही तितक्याच हक्काने मागितले पाहिजेत.

गेल्या वर्षी आमच्या पोरांनी एका कार्यालयाकडे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची माहिती मागितली. अर्ज किती आले, मंजूर किती, अडकले किती आणि कशामुळे. उत्तरात सीडीवर एक सीएसव्ही फाईल आली. हजारो ओळी, अकरा रकाने, वर एकही मथळा नाही. दोन रकान्यांत तारखा. त्यातली अर्ज केल्याची कोणती आणि पैसे जमा झाल्याची कोणती? एका रकान्यात नुसतं १, २, ३. हा धर्म, प्रवर्ग की अर्जाची स्थिती? विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "सिस्टीममधून असंच निघतं."

हे अर्धसत्य आहे. मायएसक्यूएलमध्ये 'सिलेक्ट इनटू आउटफाईल' वापरलं तर फाईलमध्ये फक्त ओळी जातात, मथळे जात नाहीत, हे खरं. पण मथळ्यांची ओळ 'युनियन ऑल'ने वर जोडता येते. तीच क्वेरी कमांड लाइनवर 'बॅच' पर्यायाने चालवली, तर मथळे आपोआप येतात. पोस्टग्रेसमध्ये सीएसव्हीसाठी 'कॉपी' करताना 'हेडर' हा एक शब्द वाढवायचा. एसक्यूएलाइटमध्ये 'डॉट हेडर्स ऑन' लिहायचं. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत एक टिक करायची. एवढंसं काम आहे. ते करायचं की टाळायचं, हे सिस्टीम नव्हे, खुर्चीतला माणूस ठरवतो.

आपल्यासाठी हा प्रश्न जास्त गंभीर आहे. धम्म आपण १९५६ साली स्वीकारला, पण बौद्धांना केंद्राकडून अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० साल उजाडलं. आपल्या मुलाच्या अर्जात धर्म हा एक रकाना आणि जात हा दुसरा. मथळाच नसेल तर '३' म्हणजे बौद्ध की अनुसूचित जाती, हे कोण सांगणार? मग कुणाचे अर्ज जास्त अडकले, हे सिद्ध करता येत नाही. अंदाजाने बनवलेला तक्ता आयोगापुढे ठेवला तर समोरचा पहिल्याच मिनिटात तो फेटाळतो.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर लेख लिहिला, १९१९ साली साऊथबरो कमिटीपुढे साक्ष दिली. दोन्ही ठिकाणी आकडे आहेत, आणि प्रत्येक आकडा कशाचा हे स्पष्ट आहे. आपण त्यांचा फोटो लावतो, ही शिस्त मात्र विसरतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ (जे) नुसार संगणकातली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात घेण्याचा हक्क आहे. कलम ७ (९) सांगतं की साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत नसेल आणि अभिलेखाला धोका नसेल, तर माहिती मागितलेल्या स्वरूपातच द्यायची. एक ओळ वाढवल्याने कसला ताण पडतो?

म्हणून पुढच्या अर्जात स्पष्ट लिहा: "माहिती सीएसव्ही फाईलमध्ये, यूटीएफ-८ मध्ये, सर्व रकान्यांच्या मथळ्यांसह आणि वापरलेल्या प्रत्येक संकेतांकाच्या अर्थाच्या यादीसह द्यावी." विद्यार्थ्यांची नावं, आधार क्रमांक, बँक खाती मागू नका. मग 'खाजगी माहिती आहे' ही सबबही उरत नाही. तरीही बिनमथळ्याची फाईल आली, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा.

आणि थोडं स्वतःकडेही बघू. आपण वस्तीत सर्व्हे करतो, फाईल बनवतो, मथळा म्हणून 'माहिती १', 'माहिती २' लिहितो. दोन वर्षांनी तो कार्यकर्ता नोकरीला लागतो आणि फाईलचा अर्थ कुणालाच लागत नाही. साहेबांना जाब विचारणाऱ्याने आधी आपली फाईल उघडून पहिली ओळ तपासावी. आजच तपासा.

जय भीम!