तक्ते उतरवा, नियम शिकवा

मालेगाव तालुक्यातली मुलं इंग्रजीत कच्ची राहतात, याचं खापर मुलांच्या डोक्यावर फोडणं आता बंद करा. मी इथेच इंग्रजी शिकवतो आणि स्पष्ट सांगतो, कच्चं आहे ते आपलं शिकवणं. कोणत्याही शाळेच्या व्हरांड्यातून चालत जा, एकच घोष कानी येतो : गो-वेंट-गॉन, वॉक-वॉक्ड-वॉक्ड, प्ले-प्लेड-प्लेड. भिंतीवर क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता, वहीत तोच तक्ता, आणि शिक्षा म्हणून तोच तक्ता दहा वेळा लिहायचा.

या तक्त्यातला पहिलाच गुन्हा पाहा. त्यात 'गो' आणि 'वॉक' एका रांगेत बसवले आहेत. 'गो' अनियमित आहे, ते लक्षातच ठेवावं लागतं. 'वॉक', 'प्ले', 'हेल्प', 'वॉन्ट', 'क्लीन' ही नियमित क्रियापदं. शेवटी इ-डी लावली की भूतकाळ झाला. एका तासात समजणारा हा नियम हजारो क्रियापदं मुलाच्या हाती देतो. तो न सांगता एकेक क्रियापद पाठ करायला लावणं म्हणजे बेरीज न शिकवता उत्तरं घोकून घेणं.

आणि हे कोणत्या मुलांच्या बाबतीत चाललंय? मराठी मूल शाळेत पाय ठेवण्याआधी चालतो, चालते, चालतात, चालला, चालली, चालले, चालेन, चालशील ही सगळी रूपं लिंग, वचन, पुरुष सांभाळून बिनचूक वापरतं. इंग्रजी 'वॉक'ची रूपं अवघी चार : वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. आमच्या खेड्यांतली मुलं घरी अहिराणी बोलतात. 'तो जास', 'ती जास', आणि अनेकवचनी 'जातस'. इथे 'तो' आणि 'ती'साठी क्रियापद बदलत नाही, इंग्रजीतही बदलत नाही. शहरातलं विणकराचं मूल घरी उर्दू बोलतं आणि बाजारात मराठी. ही मुलं दोन-दोन व्याकरणं तोंडात वागवतात. त्यांच्यापुढे चार रूपांचा बागुलबुवा उभा करणं हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे.

उच्चाराची तर आपण माती केली आहे. वर्गच्या वर्ग 'वॉकेड', 'हेल्पेड' म्हणतात आणि कुणी थांबवत नाही. नियम साधा आहे. शब्द क, प, स, श अशा अघोष ध्वनीनं संपला, तर इ-डीचा उच्चार ट : वॉक्ट, हेल्प्ट. घोष ध्वनीनं किंवा स्वरानं संपला, तर ड : क्लीन्ड, प्लेड. ट किंवा ड वरच संपला, तर इड : वॉन्टिड. अनेकवचनाचा एसही याच चालीनं चालतो : कॅट्स, डॉग्झ, बसिझ. घोष-अघोष हा भेद आपल्या वर्णमालेच्या मांडणीतच आहे. क-ख एकीकडे, ग-घ दुसरीकडे. इंग्रज मुलाला त्याच्या एबीसीडीतून जे मिळत नाही, ते आपल्या मुलाला पहिलीतच मिळतं. तरीही आपण ते वापरत नाही.

मला सगळ्यांत जास्त संताप येतो तो लाल शाईचा. मूल 'गोड' लिहितं, म्हणजे 'गो'ला इ-डी लावतं, आणि आपण त्यावर फुली मारतो. अमेरिकेत जीन बर्को यांनी 1958 मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला 'वग' म्हटलं आणि दोन असतील तर काय म्हणाल, असं विचारलं. पूर्वी कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी केलं, वग्झ. मुलं नियम शोधतात, हे त्यातून सिद्ध झालं. आपलं मूलही 'पेन्सिल'चं 'पेन्सिली' आणि 'फाइल'चं 'फायली' कुणी न शिकवता करतं. 'गोड' लिहिणाऱ्या मुलाला नियम सापडलेला आहे. त्याला शाबासकी द्या आणि मग सांगा की हा शब्द अपवाद आहे. फुली मारलीत तर ते विचार करणं सोडून देतं.

'परीक्षेत रूपंच विचारतात' ही सबब मी ऐकून घेणार नाही. नियम कळलेलं मूल रूपं लिहितंच. रूपं घोकलेलं मूल वाक्य बोलू शकत नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं शिकून मूल 'काल मी शेतात काम केलं' हे इंग्रजीत सांगू शकत नाही, आणि मग यंत्रमागावर रात्रपाळी करणारा बाप त्याला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घालतो. जे शाळेत फुकट मिळायला हवं होतं, त्यासाठी तो घाम गाळलेला पैसा मोजतो. ही लूट आहे आणि तिला आपण शिक्षकांनी वाट करून दिली आहे.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. भिंतीवरचे तक्ते उतरवा. नियमित क्रियापदं नियमानं शिकवा, उच्चारासकट. अनियमित क्रियापदं सारखी वापरातली असतात, ती गोष्टींतून आणि बोलण्यातून रोज कानावर पडू द्या. शिकवताना मुलाच्या मराठीचा, अहिराणीचा, उर्दूचा आधार घ्या. ज्या शिक्षकाला हा नियम स्वतःला येत नसेल, त्यानं तो आज रात्री शिकावा आणि उद्या वर्गात शिकवावा. मुलांनी आपली वाट पुरेशी पाहिली आहे.