घर बाटले म्हणणाऱ्यांस

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबास पहिला टोमणा ऐकावा लागतो तो हा, की "बापजाद्यांचे घर बाटविलेत." बोलणारा नेहमी पाटलाच्याच वाड्यातला असतो असे नाही. पुष्कळदा आपल्याच भावकीतील वडीलधारा असतो, आणि म्हणूनच तो टोमणा जिव्हारी लागतो. देव्हारा उतरविला, टाक नदीत सोडले, म्हणजे घर मोडले असा त्याचा समज.

ज्याचा वाडा गावाच्या मध्यभागी, त्याला घर म्हणजे पूर्वजांची पुण्याई वाटते; वाटो बापडी. आमचे घर गावकुसाबाहेर होते. तेथे राहावयाचे ते वतनाच्या बेडीत: वेसकरकी करावी, सांगावे पोचवावेत, मेलेली गुरे ओढावीत आणि दारोदार भाकरीसाठी हाक घालावी. ही वतने १९५८ च्या कायद्याने गेली, पण त्या काळचा अभिमान बाळगणारे अजून गेलेले नाहीत. त्या खोपटास वडिलोपार्जित घर म्हणून कवटाळणे म्हणजे तुरुंगाच्या कोठडीला मिरास म्हणणे होय.

परमपूज्य बाबासाहेब १९१७ साली अमेरिका व इंग्लंडमधील शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास एक खोली मिळाली नाही. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत उतरले. काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही त्यांना निघावयास लावले. मित्रांनी आसरा नाकारला, आणि गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. १९३१ साली मुंबईस गांधीजींच्या भेटीत आपल्याला मायभूमी नाही असे त्यांनी सुनावले, त्यामागे हा अनुभव होता. ज्यांनी आम्हाला कधी घर दिलेच नाही, त्यांना आमचे घर बाटले म्हणण्याचा अधिकार कोणी दिला?

पुढे त्याच बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ग्रंथांसाठी घर बांधले आणि त्यास मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिले: राजगृह. त्या मूळ राजगृहातील एक प्रसंग प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने वाचला पाहिजे. सिगाल नावाचा गृहपतिपुत्र ओलेत्याने सहा दिशांना हात जोडीत होता. का, असे भगवंतांनी विचारले. वडिलांनी मरतेसमयी सांगितले म्हणून, असे तो म्हणाला. भगवंतांनी वडिलांची थट्टा केली नाही. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, असे सांगून त्यांनी दिशांच्या जागी माणसे आणून बसविली. भावकीतील वडीलधाऱ्यांना आमचे उत्तर हेच आहे. देव्हाऱ्यापुढे जो मान तुम्ही वाकून देत होता, तो आता घरातल्या माणसांना द्यावयाचा आहे.

आता आपल्याच अंगणात येऊ. याच उपदेशात आईबापांच्या पाच कर्तव्यांपैकी एक असे सांगितले आहे, की अपत्यांना यथाकाल वारसा स्वाधीन करावा. पतीच्या कर्तव्यांत घराचा अधिकार पत्नीच्या हाती सोपविणे येते. पालीत 'पुत्त' शब्द आहे म्हणून कन्या वगळली, असा युक्तिवाद कोणी करील तर त्याने पंचवीस शतकांच्या आड लपू नये. सरळ जमीन हवी आहे असे म्हणावे.

कारण आज घडते आहे ते असे. भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर, खाली सतरंजीवर हक्कसोडपत्र, आणि माहेरी आलेल्या बहिणीच्या अंगठ्याला शाई. मोबदला? एक साडी. वारसा कायदा १९५६ पासून बौद्धांनाही लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ साली, तर संसदेने २००५ साली दिला. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले त्याच्या कारणांत हिंदू कोड बिलाची झालेली हेळसांड होती. ज्या हक्कासाठी त्यांनी मंत्रिपद टाकले तो हक्क आम्ही त्यांच्याच तसबिरीखाली साडीवर लिहून घेतो! प्रस्तुत लेखकही एकदा अशा कागदावर साक्षीदार म्हणून सही करून आला आहे. ती सही आजही सलते.

"लग्नात दिले तेवढे पुरे," असे भाऊ म्हणतात. "वाटा मागितलास तर माहेर तुटेल," असेही म्हणतात, आणि तिला घर म्हणून उरलेली ती एकच जागा असल्याने ती मुकाट्याने अंगठा उठविते. गावाने आम्हाला हेच सांगितले होते: काम करा, वस्तीत राहा, पण गावावर हक्क सांगू नका. तेव्हा आम्हाला ते अन्यायाचे वाटले होते ना?

ज्यांच्या घरी असा कागद तयार होऊन पडला असेल त्यांनी तो बहिणीस मोठ्याने वाचून दाखवावा. तिला वाचता येत असेल तर तिच्याच हाती द्यावा, आणि तिचे वाचून होईपर्यंत भावांनी बाहेर ओट्यावर बसावे.