किल्ल्या कुणाच्या कमरेला?

मैत्रिणींनो, सासूबाईंनी किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती दिला की घरात तिचं राज्य आलं, असं आपण म्हणतो. पण पै-पैचा हिशेब सासूबाईच बघणार असतील तर? सत्तेचं विकेंद्रीकरण (केवढा जड शब्द!) नेमकं तसंच चाललं आहे.

आमचं फर्दापूरच बघा ना. जवळच अजिंठ्याची लेणी. ती सांभाळतं केंद्राचं पुरातत्त्व खातं. तिथवर नेणाऱ्या गाड्या राज्याच्या एस.टी.च्या. नळ, गटार, दिवाबत्ती मात्र ग्रामपंचायतीची. पाहुणे लेणी बघून जातात. बाईचा दिवस जातो तो नळापाशी आणि गटारापाशी!

वसंतराव नाईक समितीने सुचवल्याप्रमाणे १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिच्यात पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी आहे. बायकांना आधी एकतृतीयांश जागा होत्या, २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या झाल्या. शहरातल्या मैत्रिणींच्या नगरपालिकांसाठी ७४ वी दुरुस्ती आहेच.

किल्ल्या अशा मिळाल्या खऱ्या. पण २०२१ ते २०२६ या काळात केंद्राच्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला जो निधी आला, त्यातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले होते. म्हणजे ‘हे तेलाचे, हे तुपाचे’ असं मोजून दिलेलं. पाण्याला पैसा हवाच, पण कुठे किती लागतो हे गावाने ठरवू नये? त्याहून वाईट म्हणजे, पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं घटना सांगत असताना, मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच बसले. निवडून आलेली बाई नाही नि बाप्याही नाही!

मग आपल्या हाती काय उरलं? महिला सभा, बरं का. ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, असा आपल्याकडे कायदाच आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार. म्हणजे महिला सभाही तितक्याच. तुम्ही शहरात असाल तर माहेरी विचारून बघा, शेवटची कधी झाली?

कित्येकदा सभा होते ती सह्यांच्या वहीतच. वही दारात आली तर सहीआधी वरचा मजकूर वाचा. पान कोरं असेल, तर ‘आधी लिहा, मग सही’ असं सरळ सांगा. आणि ‘दुपारची सभा ठेवू नका, तेव्हा आम्ही शेतावर असतो,’ हेही त्याच वहीत लिहायला लावा.