पांढऱ्या गोटीला माझं मत

मंडळी, पिनबॉल म्हटलं की आपल्याला विंडोज एक्सपीतलं 'स्पेस कॅडेट'च आठवतं. पण खऱ्या अमेरिकन मशीनमध्ये काचेखाली पोलादी गोटी पळते. (मीही ही मशीन्स कॉम्प्युटरवरच खेळलोय, आधीच कबूल करतो!)

माझा पहिला नंबर पॅट लॉलरच्या 'ट्वायलाइट झोन'ला, १९९३ चं मशीन. त्यात पोलादी गोट्यांमध्ये एक पांढरी सिरॅमिकची गोटी असते. वजनाला हलकी, म्हणून फ्लिपरवरून सुसाट सुटते, अन् मॅग्नेटला तर मुळीच भीक घालत नाही! हाताला बसलेलं टायमिंग क्षणात बाद. सबमिशनच्या आदल्या रात्री सरांनी असाइनमेंट बदलावी, अगदी तसं.

दुसरं 'मेडिव्हल मॅडनेस' (१९९७). किल्ल्यावर मारा करायचा, दरवाजा फोडायचा. नवख्यालाही सांगावं लागत नाही.

आता भांडण. लॉलरचंच 'ॲडम्स फॅमिली' (१९९२) २०,२७० विकलं गेलं, म्हणून पुष्कळजण त्याला पहिलं मानतात. खपावरच नंबर द्यायचे तर मेसची बटाट्याची भाजी पहिली येईल! त्याच्या टेबलाखालचे मॅग्नेट गोटीला मध्येच भरकटवतात. म्हणजे तिथे मशीन आपल्याला चकवतं. 'झोन'मध्ये गोटीचा गुणधर्म चकवतो, आणि तो शिकून घेता येतो. म्हणून 'ॲडम्स' तिसरं.