परवानगी देणाऱ्यालाही परवाना हवा

इमारत कोसळली किंवा बेकायदा ठरली की पुढचा क्रम ठरलेला असतो. बिल्डरवर गुन्हा दाखल होतो, एखाद-दुसरा अभियंता निलंबित होतो आणि राहणारे रस्त्यावर येतात. ज्या कार्यालयाच्या शिक्क्याने किंवा डोळेझाकीने ती इमारत उभी राहिली, त्याचा शिक्का मात्र दुसऱ्या दिवशीही तसाच चालतो. बिल्डरची नोंदणी रद्द होते, मग परवानगी देणाऱ्या प्राधिकरणाची का होऊ नये? न्यूझीलंडने हा प्रश्न कायद्यातच सोडवला आहे.

त्या देशाला हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. १९९१च्या इमारत कायद्याने नियम सैल केले आणि तपासणीचे काम खासगी प्रमाणकांनाही खुले केले. पुढच्या दशकात बांधलेल्या हजारो घरांच्या भिंतींत पाणी मुरले आणि आतले लाकूड कुजले. दावे सुरू झाले, विमा कंपन्यांनी अंग काढून घेतले, खासगी प्रमाणक बाजारातून गायब झाले आणि भरपाईचा मोठा बोजा पालिकांवर, म्हणजे करदात्यांवर पडला. २००९ मधील एका अंदाजाने हे नुकसान ११ अब्ज न्यूझीलंड डॉलरच्या पुढे नेले होते. त्या अनुभवातून २००४ चा कायदा आला. बांधकाम परवानगी द्यायची तर पालिकेनेही आधी स्वतंत्र संस्थेकडून मान्यता मिळवायची, मग सरकारदरबारी नोंदणी करायची आणि दर दोन वर्षांनी तपासणीला सामोरे जायचे. मान्यता गेली की नोंदणीचा आधारच जातो.

ही तरतूद शोभेची नाही, हे जुलै २०१३ मध्ये दिसले. त्या वेळी तिथले ख्राइस्टचर्च शहर भूकंपातून सावरत होते. २२ फेब्रुवारी २०११ च्या धक्क्यात १८५ माणसे गेली होती, त्यांतली ११५ एकट्या सीटीव्ही इमारतीत. या इमारतीला १९८६ मध्ये परवानगी द्यायलाच नको होती, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने काढला. ती परवानगी याच शहराच्या पालिकेची होती. आता त्याच पालिकेकडे पुनर्बांधणीच्या अर्जांचा ढीग लागला होता. कायद्याने २० कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा, तो होत नव्हता. तपासणीत दाखवलेल्या उणिवाही मुदतीत दूर झाल्या नाहीत. अखेर मान्यता देणाऱ्या संस्थेने ती काढून घेतली. धोक्याचा इशारा प्रशासनाकडे आधीच आला होता, पण महापौर आणि नगरसेवकांपर्यंत तो वेळेवर पोहोचलाच नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना रजेवर जावे लागले, पुढे त्यांनी पद सोडले.

शहर उभे राहत असताना परवानगीचे खातेच बंद पाडणे हा नागरिकांवर दुहेरी अन्याय झाला असता. म्हणून सरकारने आपला व्यवस्थापक नेमला, त्याच्या देखरेखीखाली अर्ज निघत राहिले आणि पालिकेने डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता परत मिळवली. शिक्षा संस्थेला झाली, फायली थांबल्या नाहीत. या प्रकरणातून घेण्यासारखे आहे ते हेच.

ख्राइस्टचर्चची मान्यता गेली त्याच वर्षी, एप्रिल २०१३ मध्ये, आपल्याकडे मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ जण मरण पावले. बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारीही पकडले गेले. पण बांधकामांवर लक्ष ठेवण्यास ही यंत्रणा लायक आहे का, याची परीक्षा कोणी घेतली? कल्याण-डोंबिवलीत तर पालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, नोंदणी मिळवून ६५ इमारती उभ्या राहिल्या. पालिकेचा कागद खरा की खोटा, हे ना नोंदणी देणाऱ्याने वेळेवर पडताळले, ना पालिकेने. उच्च न्यायालयाने पाडकामाचे आदेश दिल्यावर टांगती तलवार आली ती कर्ज काढून घर घेणाऱ्यांवर.

आपल्या कायद्यात पालिका बरखास्त करता येते, विशेष नियोजन प्राधिकरणही नेमता येते. पण बरखास्तीचा निर्णय राजकीय असतो आणि विशेष प्राधिकरण विकासाच्या सोयीसाठी येते. तपासणीत नापास झाला म्हणून नगररचना विभागाचे अधिकार काढले, असे घडत नाही. उलट महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार ६० दिवसांत उत्तर आले नाही तर, आराखडा नियमांत बसणारा असल्यास, परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणजे आळशी कार्यालयाला शिक्षा नाहीच, वर न तपासलेला आराखडा मंजूर!

राज्य सरकारने महापालिका आणि नगरपालिकांच्या बांधकाम परवानगी विभागांची दर दोन वर्षांनी त्रयस्थ तपासणी सक्तीची करावी आणि तिचे अहवाल जाहीर करावेत. उणिवा मुदतीत दूर न करणाऱ्या विभागाचे अधिकार निलंबित करण्याची तरतूद कायद्यात आणावी, आणि निलंबनाच्या दिवसापासून काम कोण पाहणार हे त्याच कायद्यात लिहून ठेवावे.