सूट तासांत द्यावी, दरात नव्हे

नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसायात उतरणाऱ्या सल्लागाराने तासाचा दर किती ठेवावा, याविषयी दोन मते रूढ आहेत. पहिल्या मताप्रमाणे जुन्या पगाराला कामाच्या तासांनी भागले की न्याय्य दर हाती येतो; दुसऱ्या मताप्रमाणे नवख्याने आरंभी दर कमी ठेवून कामे मिळवावीत आणि नाव झाल्यावर तो वाढवावा. ही मते वरकरणी व्यवहारी वाटली, तरी त्यांतील पहिले हिशेबात आणि दुसरे तत्त्वात चुकते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातील गुणवत्ता विभागाची नोकरी सोडून, चाकण परिसरातील लहान उद्योगांना आयएटीएफ 16949 या वाहनउद्योगाच्या गुणवत्ता मानकाविषयी सल्ला देऊ पाहणारा अभियंता उदाहरणादाखल घेता येईल. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरून त्याचे वार्षिक वेतन, म्हणजेच सीटीसी, 12 लाख रुपये होते असे मानले आणि आठवड्याला 40 याप्रमाणे वर्षाच्या 2,080 तासांनी त्यास भागले, तर दर सुमारे 577 रुपये येतो. परंतु नोकरदाराला सुट्टीचाही पगार मिळतो, सल्लागाराला मिळत नाही. 365 दिवसांतून 104 शनिवार-रविवार, सणांचे 12 दिवस आणि रजा व आजारपणाचे 18 दिवस वजा केल्यास 231 दिवस, म्हणजे 1,848 तास उरतात. त्यांतीलही दहापैकी चार तास कोटेशन देणे, नवी कामे शोधणे, थकलेल्या बिलांचा पाठपुरावा करणे आणि नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतच्या वाहतूक कोंडीत अडकणे यांत गेले, तर आकारणीयोग्य तास, म्हणजे ज्यांचे बिल ग्राहकाला करता येते असे तास, जेमतेम 1,100 भरतात. आरोग्यविमा, संगणक, प्रवास आणि सनदी लेखापालाची फी यांसाठी 3 लाख, तसेच कामाविना जाणारा काळ व बुडीत येणी यांसाठी दीड लाख धरल्यास 12 लाखांचे साडेसोळा लाख होतात आणि तासाचा दर 1,500 रुपयांवर येतो. वस्तू व सेवा कर लागू झाल्यास तो या दराच्या वर वेगळा आकारायचा असतो, दरातून भागवायचा नसतो. पगाराच्या भागाकाराने आलेला दर या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी असल्यामुळे तो न्याय्य ठरत नाही.

दुसऱ्या मताचा आधार अधिक भक्कम आहे. नवख्याला तेच काम करण्यास जास्त वेळ लागतो, आणि त्याच्या शिकण्याचा खर्च ग्राहकाने सोसावा हे न्यायाला धरून नाही. हा आक्षेप पूर्णपणे मान्य करावा लागतो. मात्र त्यावरून दर उतरवावा असा निष्कर्ष निघत नाही. जिथे उणीव वेगाची आहे, तिथे सूटही वेळेतच दिली पाहिजे. प्रेसवर बनणाऱ्या एखाद्या ब्रॅकेटसाठी पीएफएमईए, म्हणजे प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर काय बिघडू शकते, त्याचा परिणाम किती गंभीर आणि त्यास अटकाव कशाने होईल हे मांडणारा तक्ता, तयार करण्यास सरावलेल्या माणसाला 7 तास आणि नवख्याला 10 तास लागत असतील, तर बिलात 10 तास दाखवून त्यांतील 3 तास ‘आकारलेले नाहीत’ अशी स्वच्छ नोंद करावी व 1,500 रुपयांप्रमाणे 7 तासांचे 10,500 रुपये घ्यावेत.

दर 1,050 रुपये ठेवून 10 तासांचे बिल केले तरी रक्कम 10,500 रुपयेच होते, मग भेद कशात, असे विचारले जाईल. भेद पुढच्या वर्षी दिसतो. हात बसल्यावर तेच काम 7 तासांत झाले, तर स्वस्त दर लावणाऱ्यास 7,350 रुपये मिळतात, म्हणजे कौशल्य वाढले आणि कमाई घटली. दर कायम ठेवणाऱ्यास मात्र 10,500 रुपयेच मिळतात आणि उरलेले 3 तास दुसऱ्या कामासाठी मोकळे होतात. शिवाय ग्राहकाच्या लेखी एकदा पडलेला दर वाढवून घेणे कठीण असते, पण न आकारलेले तास कमी होत जाण्यास कोणाची हरकत नसते. पहिल्या वर्षी सोडून दिलेल्या तासांमुळे येणारी तूट ही व्यवसायातील भांडवली गुंतवणूक होय आणि तिची तरतूद नोकरीत असतानाच करावी.

दर अखेर बाजार ठरवतो, हा युक्तिवाद उरतो. ग्राहक कुठवर देऊ शकेल ही वरची मर्यादा बाजार ठरवतो हे खरे, पण खालची मर्यादा खर्च ठरवतो. जिथे बाजारभाव खर्चाहून कमी आहे, तिथे कामाचा आवाका छाटावा किंवा ग्राहकवर्ग बदलावा, तोट्यात राबू नये. ठोक रकमेने काम घेतले तरी ती रक्कम अंदाजित तास आणि दर यांच्या गुणाकारावरच उभी असते.

न्याय्य दराचा लाभ ग्राहकालाही होतो. ज्याचे घर एकाच कारखान्याच्या बिलावर चालते, त्याला ऑडिटआधी मालकाला तपासणीच्या नोंदी खोट्या आहेत असे सांगणे जड जाते. ज्याचा दर त्याचा खर्च भागवतो, तो हे सांगू शकतो, आणि ग्राहक सल्लागाराला पैसे देतो ते अशाच स्पष्ट मतासाठी.