शिमग्याचे रंग आणि पळसाची साक्ष

फाल्गुन लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात पळस पेटतो. फांदीवर पान नसते. असतात ते केवळ केशरी फुलांचे घोस. ती रात्रभर भिजत घातली अथवा उकळली, की शिमग्याचा रंग सिद्ध होतो. आज मात्र त्याच पळसबनालगतच्या आठवडी बाजारात सुट्या, भडक भुकट्यांचे ढीग दिसतात. हा बदल केवळ आवडीनिवडीचा नव्हे.

१८५६ मध्ये विल्यम पर्किनने दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्यापासून जांभळा रंग बनविला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. कृत्रिम तेवढे सारे विषारी, असे आम्ही म्हणत नाही. सौंदर्यप्रसाधनांत कोणते रंग चालतील हे भारतीय मानक ब्यूरोने ठरविले आहे. शिसे व आर्सेनिक यांची संयुगे रंगासाठी वापरण्यास मनाई आहे. रंगात अशुद्धी म्हणून शिसे दहा लाख भागांत २० भागांहून आणि आर्सेनिक २ भागांहून अधिक असू नये, असा नियम आहे. तो वनस्पतिजन्य रंगांनाही लागू आहे. शिवाय अशी परवानगी ही कायमची सनद नव्हे. अमेरिकेने 'रेड नंबर ३' हा रंग १९९० मध्ये प्रसाधनांतून काढला. खाद्यपदार्थांतील त्याची परवानगी मात्र जानेवारी २०२५ मध्ये रद्द केली.

मग उणीव कोठे आहे? सुट्या पुडीवर ना घटकांची नोंद, ना उत्पादकाचे नाव. कापड वा कागद रंगविण्याचा रंग गालावर आला, तरी विक्रेत्यालाही ते ठाऊक नसते. होळीच्या रंगांतील मॅलाकाइट ग्रीन डोळ्यांना इजा करते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. वर्षभर कपाळी लागणाऱ्या कुंकवाचीही हीच कथा. हळदीवर क्षाराची प्रक्रिया करून होणाऱ्या कुंकवाची जागा रंगविलेल्या भुकटीने घेतली, आणि कपाळावरील काळ्या डागांचे कोडे त्वचारोगतज्ज्ञांपुढे आले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू आणि तेंदूपत्त्याच्या जोडीला वाळविलेली पळसफुले का नसावीत? मात्र 'नैसर्गिक' हे नाव म्हणजे शुद्धतेचा दाखला नव्हे. तपासणी आणि पुडीवरील नोंद त्यांनाही हवीच.

होळीत आपण अमंगळ जाळतो. दुसऱ्या दिवशी तेच मुलांच्या गालांवर फासले जाऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.